चाचणीचा आकडा एकटा पाठवू नका

नीलमोहर

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. कामाचा मोठा भाग चाचण्या घेण्यात आणि अहवाल लिहिण्यात जातो. दुसरं मत घ्यायला येणारे लोक आधीचा अहवाल सोबत आणतात, आणि त्यातले काही वाचून जीव तुटतो. त्यातलाच एक, ओळख पटेल असं सगळं काढून सांगते. एकच पान. वर मुलाचं वय आणि चाचणीचं नाव, मध्ये ठळक अक्षरात 'बुद्ध्यंक ८४', खाली एक ओळ: 'सरासरीपेक्षा कमी. अभ्यासात मर्यादा येतील.' मग सही आणि शिक्का.

चाचणी कशासाठी घेतली, कोणत्या भाषेत घेतली, चाचणीची कोणती आवृत्ती वापरली, मूल त्या दिवशी झोपाळलेलं होतं की घाबरलेलं, कुठल्या उपचाचणीत वर गेलं आणि कुठे अडलं, यातलं एक अक्षरही त्या पानावर नव्हतं. आईवडील तो कागद शाळेत देऊन बसले होते. शाळेने मुलाला वेगळं बसवायला सुरुवातही केली होती.

या ८४ चा अर्थ काय ते बघू. बुद्धिमापनाच्या बहुतेक चाचण्यांमध्ये सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ धरलेलं असतं. समजा चाचणी उत्तम आहे आणि एकूण गुणांकाची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर आकडा किती स्थिर राहील ते, १ पैकी ०.९६ आहे. मग मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, येते ३ गुणांची. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्ही बाजूंना साधारण ६ गुण सोडावे लागतात. म्हणजे ८४ हा आकडा खरं तर '७८ ते ९० च्या दरम्यान कुठेतरी' असा वाचायचा. बऱ्याच चाचण्यांच्या वर्गीकरणात ७० ते ७९ चं लेबल वेगळं, ८० ते ८९ चं वेगळं, ९० च्या पुढे 'सरासरी'. या एका मुलाचा पट्टा तिन्ही लेबलांना शिवतो! आणि अहवाल लिहिणाऱ्याने त्यातलं एक उचलून त्याच्या भविष्याबद्दल वाक्य लिहिलं.

ही त्रुटी फक्त पुस्तकात राहत नाही. 'हॉल विरुद्ध फ्लोरिडा' हा २०१४ चा खटला मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला फाशी देता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवलं होतं. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७० ची रेघ ओढली होती. बुद्ध्यंक त्याच्या वर असेल तर पुढचा पुरावा ऐकायचाच नाही. फाशीची शिक्षा झालेल्या हॉलचा एक गुणांक होता ७१. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालय म्हणालं की चाचणीत त्रुटी असते हे चाचणी बनवणारे स्वतः सांगतात, तेव्हा राज्याला ती नाकारता येणार नाही. एका गुणावर एक जीव टांगलेला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की आकडा एकटा पाठवू नये. त्याच्यासोबत त्रुटीचा पट्टा, तुलना कोणत्या गटाशी केली ते, चाचणीचा हेतू, निरीक्षणं आणि समजावून सांगणारा माणूस, हे सगळं गेलं पाहिजे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत मापनासाठी एक अख्खं प्रकरण आहे, नववं. इतर देशांच्या संहिताही साधारण हेच सांगतात. तरीही एका पानाचे अहवाल निघत राहतात. इथे व्यवसायातले, चाचणी दिलेले, मुलांची चाचणी करून घेतलेले असे सगळेच आहेत. तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा.

धुकं

नीलमोहरताई, आमच्या मुलीची चाचणी झाली तेव्हा आम्हाला अहवाल टपालाने आला. भेट नाही, फोन नाही. आत सात-आठ उपचाचण्यांची नावं, प्रत्येकीपुढे आकडा. दोन ठिकाणी ५, एका ठिकाणी १४. आम्ही दोघं रात्री ते कागद समोर घेऊन बसलो आणि ५ म्हणजे १०० पैकी ५ असं समजून रडलो. पुढे एका शिक्षिकेने सांगितलं की त्या आकड्यांची सरासरीच १० असते.

पालकांनी अशा वेळी काय विचारायचं? आपण विचारलं तर त्यांना राग येईल असं वाटत राहतं.

नीलमोहर

धुकं, राग येण्याचा प्रश्नच नाही. निकाल समजावून सांगणं हे आमच्या कामातच मोडतं. गुण मोजणं साहाय्यकाने केलेलं असो वा संगणकाने, अर्थ सांगण्याची जबाबदारी मानसशास्त्रज्ञाचीच राहते. अपवाद आहेत, उदाहरणार्थ न्यायालयाने मागवलेली तपासणी किंवा नोकरीपूर्व चाचणी. पण तिथेही 'निकाल तुम्हाला सांगितला जाणार नाही' हे आधी सांगावं लागतं, नंतर नाही.

भेटीची वेळ मागा आणि सरळ विचारा: ही चाचणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायला घेतली? ज्या मुलांशी तुलना केली ती कोण होती, केव्हाची होती? ५ आणि १४ मधला हा फरक खरा मानण्याइतका मोठा आहे का? आता घरी आणि शाळेत काय बदलायचं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर चाचणी अर्धवट राहिली असं मी म्हणेन. मुलीशीही बोलायला सांगा. तिच्या वयाला कळेल अशा शब्दांत तिला काय चांगलं जमतं, कुठे मदत लागेल, हे तिने आमच्याकडून ऐकलं पाहिजे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत ५ आणि १४ हे दोन्ही आकडे एकत्र करून काढलेला एकूण गुणांक फारसं काही सांगत नाही. इतकी तफावत असेल तर त्या तफावतीबद्दलच लिहायला हवं.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो. ताईंनी विश्वसनीयतेबद्दल लिहिलं, त्याला जोडून चाळणी-चाचण्यांबद्दल, म्हणजे कोणाची पुढे सविस्तर तपासणी करायची ते निवडणाऱ्या चाचण्यांबद्दल, लिहितो, कारण तिथे याहून मोठा घोळ होतो.

समजा एखादी स्थिती १०० पैकी २ मुलांमध्ये आढळते. चाचणी चांगली आहे: स्थिती असलेल्यांपैकी ९० टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते. १००० मुलांना दिली. स्थिती असलेली २०, त्यातली १८ पकडली. नसलेली ९८०, त्यातली ९८ चुकून पकडली. एकूण ११६ मुलांवर शिक्का बसला आणि त्यातली खरी फक्त १८. म्हणजे 'पॉझिटिव्ह' निघालेल्या दर सहा-सात मुलांत एक.

'चाचणी ९० टक्के अचूक आहे' असं जाहिरातीत लिहिलेलं वाक्य खोटं नसतं, पण पालकाला त्यातून जे समजतं ते खोटं असतं. मील आणि रोझेन यांनी १९५५ मध्ये मानसशास्त्रज्ञांसाठी हे मांडलं होतं. म्हणून चाळणीचा निकाल हातात देऊन निदान झालं असं म्हणणं हा माझ्या मते नैतिक दोष आहे, नुसती गणिताची चूक नाही. चाळणीनंतर सविस्तर तपासणीची सोय नसेल तर चाळणी घ्यायचीच कशाला?

उंबरठा

मी मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे उमेदवारांना व्यक्तिमत्त्व चाचणी देतात. चार अक्षरांचा एक 'प्रकार' निघतो आणि त्यावरून 'हा टीममध्ये बसणार नाही' असं ठरवलं जातं. चाचणी घेणाऱ्यांत मानसशास्त्र शिकलेलं कोणी नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं असतं. मला ते पटत नाही, पण वरिष्ठांना काय सांगू ते कळत नाही. लोकांना आपला 'प्रकार' वाचून अगदी पटतो, हाच त्यांचा पुरावा.

नीलमोहर

उंबरठा, पटणं हा पुरावा होत नाही, हे बर्ट्रम फोररने १९४८ मध्ये वर्गात दाखवून दिलं. विद्यार्थ्यांकडून चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिचित्र' म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता.

वरिष्ठांना एक गोष्ट विचारा: या चाचणीचे गुण आणि आपल्याकडच्या या विशिष्ट कामातली कामगिरी यांचा संबंध कोणी तपासला आहे का? सप्रमाणता, म्हणजे चाचणी जे मोजायचं तेच मोजते का हे, चाचणीच्या अंगाला चिकटलेली नसते, ती एखाद्या वापरापुरती असते. 'स्टँडर्ड्स फॉर एज्युकेशनल अँड सायकॉलॉजिकल टेस्टिंग' या मानकांचा गाभाच हा आहे. शिक्षण संशोधन, मानसशास्त्र आणि शैक्षणिक मापन या क्षेत्रांतल्या तीन अमेरिकन संघटनांनी मिळून काढलेली २०१४ ची आवृत्ती सध्या प्रमाण मानतात. आत्मपरीक्षणासाठी ठीक असलेली प्रश्नावली माणूस निवडायला ठीक असेलच असं नाही. ज्याला वेगळा उपयोग करायचा, त्याने त्या उपयोगाचा पुरावा आणायचा.

दुसरं टोकही आहे. मानसिक आजार ओळखण्यासाठी, रुग्णांसाठी बनवलेली एमएमपीआयसारखी लांबलचक प्रश्नावली कर्मचाऱ्यांना देणं. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलं की बढतीसाठी ही चाचणी देणं म्हणजे वैद्यकीय तपासणी झाली, आणि अपंगत्वविषयक कायद्याखाली ती तशी देता येणार नाही. उमेदवाराच्या मनातलं जेवढं कामाशी संबंधित आहे तेवढंच विचारावं. बाकीचं दार ठोठावायचा अधिकार नोकरी देणाऱ्याला नाही.

पारवा

मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला चाचणीचे प्रश्न बाहेर कुठेही सांगायचे नाहीत हे पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं. पण रोर्शाक चाचणीचे शाईच्या डागांचे १० पट (चित्रं) २००९ पासून विकिपीडियावर आहेत. अनेक चाचण्यांची पुस्तिका कोणीतरी स्कॅन करून टाकलेली सापडते. मुलांच्या चाचणीआधी 'सराव' घेणारे क्लासही निघालेत. मग गुप्ततेचा आग्रह कशासाठी?

नीलमोहर

त्या मुलासाठीच, पारवा. उत्तरं पाठ करून आलेल्या मुलाचा गुणांक वाढतो आणि त्याला लागणारी मदत नाकारली जाते. मी ठोकळे मांडायची उपचाचणी घेताना पहिल्या नमुन्यालाच हात कसा जातो ते बघते. न शिकवलेलं मूल आधी नमुन्याकडे बघतं, ठोकळा फिरवतं, लावतं, काढतं. शिकवलेलं मूल नमुन्याकडे न बघताच लावत सुटतं, आणि पुढचा अनोळखी नमुना आला की थांबून माझ्या तोंडाकडे बघतं. त्या क्षणी चाचणी बंद करून आईवडिलांशी बोलावं लागतं. त्या दिवशीचा गुणांक कुठेच लिहायचा नाही, लिहायचं ते हे कारण.

पुस्तिका आधीच फुटली आहे म्हणून आपणही फोडावी, असं होत नाही. एका चाचणीची मानकं, म्हणजे तुलनेसाठीचे तक्ते, बसवायला हजारो लोकांची चाचणी घ्यावी लागते. ती वाया गेली की नवी येईपर्यंत कित्येक वर्षं जातात.

वाटसरू

इथे मी ठाम असहमत. मी चाचणी दिलेला माणूस आहे. माझ्या अहवालात 'बचावात्मक, सहकार्य मर्यादित' असं लिहिलं होतं आणि त्याचा माझ्या कामावर परिणाम झाला. मी माझी उत्तरपत्रिका मागितली, तर 'चाचणीची गुप्तता' हे कारण देऊन नकार मिळाला. उत्तरं माझी, आयुष्य माझं, आणि कागद मात्र त्यांचे? गुप्ततेच्या नावाखाली चुकीचे निष्कर्ष झाकले जातात. दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं तर त्याला काय दाखवू?

आकडेमोड

वाटसरूंशी मी सहमत आहे. ज्या निष्कर्षाची फेरतपासणी होऊ शकत नाही त्याला शास्त्रीय म्हणायचं कसं?

नीलमोहर

वाटसरू, तुमच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं. तुमचा मुद्दा व्यवसायाने उशिरा का होईना मान्यही केला आहे. १९९२ च्या अमेरिकन संहितेचा कल असा होता की कच्ची माहिती फक्त पात्र व्यक्तीलाच द्यावी. २००२ च्या संहितेने ते उलटवलं. आता दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक, चाचणीची माहिती: तुमचे गुण, तुम्ही दिलेली उत्तरं, चाचणीच्या वेळच्या तुमच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी. तुम्ही लेखी परवानगी दिली की ती तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्याला द्यायची. मोठी हानी किंवा गैरवापर होईल असं सबळ कारण असेल तरच थांबायचं. दोन, चाचणीचं साहित्य: पुस्तिका, प्रश्न, पट, साधनं. हे सांभाळायचं.

अडचण अशी की कित्येकदा उत्तर त्याच कागदावर असतं ज्यावर प्रश्न छापलेला असतो. तिथे प्रश्न झाकून उत्तरं देता येतात, किंवा सगळा कागद दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे थेट पाठवता येतो. 'देता येत नाही' हे एवढंच उत्तर पुरेसं नाही. आणि 'बचावात्मक' या शब्दामागे कोणती निरीक्षणं आहेत हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. निरीक्षणाशिवाय असा शब्द अहवालात येऊच नये.

वाटसरू

वेगळं केलं आहे हे मला माहीत नव्हतं. लेखी अर्ज देतो. पण ताई, 'मोठी हानी' कोण ठरवणार? तेच ना, ज्यांच्या अहवालावर माझा आक्षेप आहे?

कासवगती

वाटसरूंचा हा प्रश्न खरा आहे, आणि तो व्यवसायाच्या सगळ्या नियमांना लागू होतो. मी संशोधन-नैतिकता समितीवर काम केलं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची १९५३ ची पहिली संहिता मला आजही आदर वाटावा अशा पद्धतीने झाली. चार शहाण्यांनी बंद खोलीत नियम लिहिले नाहीत. सदस्यांना पत्रं पाठवून विचारलं की तुमच्या कामात नैतिक पेच कोणते आले, ते प्रसंग लिहून पाठवा. त्या प्रसंगांतून नियम काढले.

पण त्याच संघटनेने २००५ मध्ये एका कार्यगटाच्या अहवालातून कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी सहभागी होणं नैतिक चौकटीत बसवलं. संघटनेनेच नेमलेल्या वकिलाच्या चौकशीतून आलेल्या २०१५ च्या हॉफमन अहवालाने दाखवलं की संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत करून ती मार्गदर्शक तत्त्वं सैल ठेवली होती. त्यानंतर त्याच वर्षी त्यांच्या परिषदेने १५७ विरुद्ध १ मताने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशांमधला सहभाग बंद केला. मधली दहा वर्षं ज्यांनी आतून आवाज उठवला त्यांना त्रासदायक ठरवलं गेलं.

यावरून संहिता निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. संहिता लिखित होती म्हणूनच तिचा भंग कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता आलं. पण हानी कोण ठरवणार याचं उत्तर 'फक्त आम्ही' असू नये. तक्रार ऐकणाऱ्या समितीत व्यवसायाबाहेरचे लोक बसलेच पाहिजेत.

नीलमोहर

कासवगतींशी सहमत. वाटसरू, नकार मिळाला तर तो कारणांसह लेखी मागा आणि तिथल्या नोंदणी किंवा परवाना देणाऱ्या मंडळाकडे जा.

ओलावा

मी दुभाषी मुलांबरोबर काम करते. तुम्ही सगळे मानकांबद्दल बोलताय, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या भाषेत मानकंच नसतात. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मानसशास्त्रज्ञ पुस्तिका समोर धरून प्रश्न तिथल्या तिथे तोंडी भाषांतर करून विचारतात आणि गुण मात्र मूळ भाषेतल्या मुलांच्या तक्त्यातून काढतात. शब्दसंग्रहाच्या उपचाचणीत प्रश्न सोपे ते अवघड अशा क्रमाने लावलेले असतात. भाषांतरात तो क्रम मोडतो. मूळ भाषेत सोपा असलेला शब्द दुसरीकडे दुर्मीळ असतो. लागोपाठ ठरावीक उत्तरं चुकली की चाचणी थांबवायची असा नियम असतो, त्यामुळे मूल त्या अवघड झालेल्या जागी थांबवलं जातं आणि त्याला माहीत असलेले पुढचे शब्द विचारलेच जात नाहीत.

इंटरनॅशनल टेस्ट कमिशनची चाचणी-रूपांतरासाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ ची दुसरी आवृत्ती. त्यात स्पष्ट आहे की भाषांतर ही फक्त सुरुवात. रूपांतरित चाचणी त्या लोकांवर वापरून बघायची, प्रश्न दोन्हीकडे तेच मोजतात का ते तपासायचं. हे सगळं व्हायला वर्षं लागतात आणि मूल आज समोर बसलेलं असतं, हे मला कळतं. पण मग अहवालात गुणांक लिहू नका. काय विचारलं, कसं विचारलं, मुलाने काय केलं ते लिहा. 'प्रमाणित पद्धतीने चाचणी घेता आली नाही' हे वाक्य लिहायला कमीपणा वाटू नये.

नीलमोहर

ओलावा, हा प्रतिसाद मी माझ्या प्रशिक्षणार्थींना वाचायला देणार आहे. मानकांच्या जुनेपणाचंही असंच आहे. गेल्या शतकात अनेक देशांत गुणांक दर दशकाला साधारण ३ ने वर सरकत गेले, याला फ्लिन परिणाम म्हणतात. वीस वर्षं जुन्या तक्त्यावर आजच्या मुलाला मोजलं तर तो आहे त्यापेक्षा हुशार दिसू शकतो आणि त्याची मदत तुटू शकते. सवयीची म्हणून किंवा घेतलेली पेटी पडून राहील म्हणून जुनी आवृत्ती वापरत राहणं चालणार नाही.

पारवा

माझा एक शेवटचा प्रश्न, जरा भीत भीत विचारतोय. इंटर्नशिपमध्ये मला एकट्याला चाचण्या घ्यायला लावतात. मी गुण काढतो, सॉफ्टवेअर तयार परिच्छेद देतं, मी ते अहवालात चिकटवतो आणि सर न वाचता सही करतात. मुलाला त्यांनी पाहिलेलंही नसतं. हे चुकीचं आहे का? आणि असेल तर मी काय करू? मला त्यांच्याकडूनच प्रमाणपत्र हवं आहे.

नीलमोहर

चुकीचं आहे. प्रशिक्षणार्थीने चाचणी घेणं चालतं, पण देखरेखीखाली. सॉफ्टवेअरचा परिच्छेद वापरला तरी तो या मुलाला लागू आहे की नाही हे ठरवणं सही करणाऱ्याचं काम. सही म्हणजे 'याची जबाबदारी माझी'.

तुझी अडचण कळते. म्हणून सरांशी भांडायला जाऊ नकोस. पुढच्या केसच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन म्हण, 'सर, मला या मुलाच्या निष्कर्षाबद्दल खात्री वाटत नाही, सही करण्याआधी दहा मिनिटं बसून बघाल का?' बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. पालकांना सुरुवातीलाच सांग की तू प्रशिक्षणार्थी आहेस आणि देखरेख कोणाची आहे. संमतीपत्रात ते असलंच पाहिजे. अहवालात 'चाचणी घेणारा' म्हणून तुझं नाव आणि 'पर्यवेक्षक' म्हणून त्यांचं, असं वेगवेगळं लिही. सॉफ्टवेअरच्या परिच्छेदातलं जे वाक्य तू स्वतः मुलात पाहिलं नाहीस ते काढून टाक. एवढं करूनही ते न बघता सही करत राहिले तर तुझ्या विभागातल्या इंटर्नशिप समन्वयकाशी बोल, आणि बोललास त्याची तारखेसह नोंद ठेव. लागलं तर मला इथे निरोप कर, समन्वयकाला लिहायचा मसुदा आपण मिळून करू.